पीटर कूपर : उघड्या दाराचा वारसा

फीमाफीचा अर्ज भरताना माझी मान दरवर्षी नकळत खाली जात असे. रांगेत मागे उभ्या असलेल्या मुलाला दिसू नये म्हणून मी अर्ज दुमडून धरत असे. यंदा पीटर कूपर यांच्या जीवनाविषयी वाचले आणि ही लाज गेली. या थोर पुरुषाची माझ्या विद्यार्थी बंधुभगिनींना ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

कूपर यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७९१ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील टोप्या बनवीत. शाळेचे तोंड त्यांनी जेमतेम वर्षभर पाहिले. सतराव्या वर्षी ते घोडागाड्या बनवणाऱ्याकडे उमेदवारीला लागले. दिवसभर राबणाऱ्याला रात्री शिकता येईल अशी शाळा त्यांनी शोधली. पण ती मिळाली नाही. पुढे सरसाच्या कारखान्यात आणि लोखंडाच्या धंद्यात त्यांनी अमाप पैसा मिळवला. १८३० साली 'टॉम थंब' हे वाफेचे छोटे इंजिन बनवून त्यांनी रुळांवर चालवून दाखवले. तरीही अपुऱ्या शिक्षणाची खंत त्यांच्या मनातून गेली नाही.

त्या खंतीतूनच १८५९ साली न्यूयॉर्कमध्ये 'कूपर युनियन' उभी राहिली. कामगारांसाठी रात्रीचे मोफत वर्ग आणि स्त्रियांसाठी कलाशिक्षण तेथे सुरू झाले. वंश वा धर्म पाहून कोणाला प्रवेश नाकारायचा नाही, असा दंडक होता. आरंभी ऐपत असणारे काही विद्यार्थी फी देत. १९०२ पासून मात्र सर्वांनाच शिक्षण मोफत झाले. ४ एप्रिल १८८३ रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी कूपर निवर्तले.

दाता गेल्यावर दानाची राखण कोणी करायची? हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांनी उभा राहिला. संस्थेने साडेसतरा कोटी डॉलरचे कर्ज काढले, २००९ साली नवी इमारत झाली आणि आर्थिक ओढाताण वाढली. फी लावण्याची भाषा सुरू होताच डिसेंबर २०१२ मध्ये अकरा विद्यार्थ्यांनी जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आठवडाभर स्वतःला कोंडून घेतले. एप्रिल २०१३ मध्ये फीचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या कार्यालयात दोन महिने ठाण मांडले. २०१४ पासून नव्या विद्यार्थ्यांना निम्मी फी पडू लागली. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१५ साली तडजोड झाली. दहा वर्षांत पुन्हा मोफत शिक्षणाकडे वळण्याची योजना २०१८ साली ठरली. २०२४ मध्ये, तेव्हा शिकत असलेल्या चारही वर्गांना त्यांच्या अंतिम वर्षाची फी माफ झाल्याचे जाहीर झाले.

या लढ्यातील एक गोष्ट माझ्या मनाला फार भिडली. नवी फी पुढच्या तुकड्यांना लागणार होती. ठाण मांडून बसलेल्या मुलांचे स्वतःचे शिक्षण मोफतच राहणार होते. ज्यांची नावेही त्यांना ठाऊक नव्हती अशा, अजून प्रवेशही न घेतलेल्या मुलांसाठी ती जमिनीवर झोपली.

मित्रहो, फीमाफी ही भीक नव्हे. आपल्या आधी कोणीतरी आपल्यासाठी दार उघडून ठेवले, त्याची ती खूण आहे. यंदा मी अर्ज दुमडला नाही. रांगेतल्या मागच्या मुलाने तो कसा भरायचा विचारले, तेव्हा माझा अर्ज त्याच्यापुढे धरला आणि त्याला सारे सांगितले.