वालचंद हिराचंद : बेंगळुरूच्या विमान कारखान्याचे संस्थापक

बेंगळुरूच्या दक्षिणेला होसूर मार्गावर वसलेली इलेक्ट्रॉनिक सिटी देशभरातील तरुणांना, त्यात मराठी तरुणांनाही, सुपरिचित आहे. मात्र संगणकाच्या कितीतरी आधी, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, याच शहरात भारतातील पहिला विमान कारखाना उभा राहिला आणि तो सोलापूरच्या एका उद्योजकाने उभारला, याची जाण फार थोड्यांना आहे.

वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूर येथे २३ नोव्हेंबर १८८२ रोजी झाला. वडिलोपार्जित व्यापारात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेण्यास प्रारंभ केला. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन करून ते ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीस सामोरे गेले. कंपनीचे 'लॉयल्टी' हे जहाज त्या वर्षी ५ एप्रिलला मुंबईहून लंडनकडे निघाले. हाच दिवस पुढे राष्ट्रीय सागरी दिन ठरला.

विमाननिर्मितीकडे ते वळले ते मात्र जवळजवळ योगायोगाने. १९३९ मध्ये मोटारनिर्मितीच्या बोलण्यांसाठी अमेरिकेस गेलेले वालचंद पॅसिफिक महासागरावरून परतत असताना त्यांची विल्यम पॉली या अमेरिकी उद्योजकाशी गाठ पडली. पॉली यांचा चीनमध्ये विमान कारखाना होता. असाच कारखाना भारतात का असू नये, हा विचार वालचंद यांच्या मनात घर करून बसला. महायुद्धाला तोंड फुटल्याने सरकारलाही विमानांची निकड होती. तरीही परवानगीसाठी त्यांना बराच पाठपुरावा करावा लागला.

म्हैसूर संस्थानाने, दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या कारकिर्दीत, बेंगळुरूच्या पूर्वेस ७०० एकर जमीन देऊ केली आणि भांडवलातही वाटा उचलला. आघाडीपासून दूर असलेले हे शहर, तेथील वीजपुरवठा आणि भारतीय विज्ञान संस्थेचे सान्निध्य या बाबी जमेच्या होत्या. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. वर्ष पूर्ण होण्यापूर्वीच हार्लो बनावटीचे पहिले प्रशिक्षण विमान आकाशात झेपावले. सुटे भाग अमेरिकेतून आलेले असले, तरी ही कामगिरी लहान म्हणता येणार नाही.

एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी कोलंबो आणि विशाखापट्टणमवर बॉम्बफेक केली. विशाखापट्टणम येथे सिंदिया कंपनी उभारत असलेल्या जहाज कारखान्याचे काम त्यामुळे खोळंबले. त्याच सुमारास भारत सरकारने विमान कारखान्यातील वालचंद यांचा हिस्सा विकत घेतला. अवघ्या दीड वर्षात संस्थापकाला आपल्या निर्मितीपासून दूर व्हावे लागले. युद्धकाळाची गरज मान्य केली, तरी हा प्रसंग मनाला चटका लावणारा आहे.

पुढील वर्षी कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या ताब्यात गेला. नवी विमाने बनवण्याचे काम मागे पडले आणि दुरुस्तीला प्राधान्य मिळाले. कॅटलिना जातीची, पाण्यावर उतरणारी विमाने जवळच्या बेल्लंदूर तलावात उतरवून तेथून कारखान्यात आणली जात. अलीकडच्या काळात फेसाळ प्रदूषणामुळे आणि पाण्यावर भडकलेल्या आगींमुळे वृत्तपत्रांत गाजलेला तलाव तो हाच.

स्वातंत्र्यानंतर याच कारखान्यात मराठी शास्त्रज्ञ डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली एच. टी. २ या स्वदेशी प्रशिक्षण विमानाचा आराखडा तयार झाला. ऑगस्ट १९५१ मध्ये त्याने पहिले उड्डाण केले. त्याआधी, १९४८ मध्ये, विशाखापट्टणमच्या कारखान्यातून 'जलउषा' हे जहाज समुद्रात उतरले होते.

प्रकृती खालावल्याने वालचंद १९५० मध्ये उद्योगातून निवृत्त झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. १९६४ मध्ये त्यांच्या मूळ कंपनीतून हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड ही सरकारी कंपनी आकारास आली.