हिमालयाच्या फुलांचा फ्रेंच वेडा : व्हिक्तोर जाकमाँ

हिमालयातील वनस्पतींचा विषय निघाला की वॉलिच, रॉयल आणि हूकर ही नावे हटकून घेतली जातात. त्यांनी मोठमोठे ग्रंथ लिहिले, उद्याने सांभाळली, मानमरातब मिळवले. याच मालिकेतील व्हिक्तोर जाकमाँ यांचे नाव मात्र वनस्पतीशास्त्राच्या विद्यार्थ्यांपलीकडे आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नाही. गढवालपासून काश्मीरपर्यंत पायपीट करून त्यांनी झाडे, फुले आणि बिया गोळा केल्या. पण त्यांतील एकाही वनस्पतीला नाव देण्याइतका अवधी त्यांना मिळाला नाही. ७ डिसेंबर १८३२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३१ वर्षांचे होते.

जाकमाँ यांचा जन्म ८ ऑगस्ट १८०१ चा, पॅरिसमधला. घरात तत्त्वज्ञानाचे आणि ग्रंथांचे वातावरण. तरुणपणी त्यांचा ओढा रसायनशास्त्राकडे होता. परंतु प्रयोगशाळेत विषारी वायू छातीत गेल्याने प्रकृती ढासळली आणि हवापालटासाठी त्यांना खेड्यात, सेनानी लाफायेत यांच्या वाड्यावर धाडण्यात आले. तेथे मोकळ्या रानात हिंडता हिंडता त्यांना वनस्पतींचा नाद लागला, तो कायमचा. पॅरिसच्या बैठकींमध्ये कादंबरीकार स्तँदाल आणि प्रॉस्पेर मेरीमे हे त्यांचे जिवलग मित्र. उंच, सडपातळ, बोलण्यात तिरकस आणि मनाने हळवा असा हा तरुण एका गायिकेच्या प्रेमात पडला. प्रेम सफळ झाले नाही. त्या दुःखातून बाहेर पडण्यासाठी १८२६ मध्ये ते अमेरिकेला आणि तेथून हैतीला गेले. तेथे असतानाच पॅरिसच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाकडून हिंदुस्थानच्या मोहिमेबद्दल विचारणा झाली.

मोहीम म्हटली की डोळ्यांपुढे लवाजमा येतो. येथे तसे काहीच नव्हते. संग्रहालयाने देऊ केलेले मानधन इतके तुटपुंजे होते की कंपनी सरकारच्या अंमलाखाली राहणारा एखादा साधा गोरा अधिकारीही त्यात आपला संसार चालवू शकला नसता. त्यातून जाकमाँ हे फ्रेंच. वॉटर्लूची लढाई होऊन तेरा वर्षेच झाली होती. म्हणून त्यांनी आधी लंडन गाठून ईस्ट इंडिया कंपनीच्या धुरिणांकडून शिफारसपत्रे मिळवली आणि ऑगस्ट १८२८ मध्ये ब्रेस्ट बंदरातून प्रयाण केले. रिओ द जानेरो, केप, बूर्बाँ बेट, पाँडिचेरी असा लांबचा वळसा घेऊन ते ५ मे १८२९ रोजी कलकत्त्यास उतरले.

गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक आणि त्यांच्या पत्नी यांचा या फ्रेंच पाहुण्यावर लोभ जडला. पण जाकमाँ मेजवान्यांत रमले नाहीत. शिवपूरच्या वनस्पती उद्यानात बसून त्यांनी हिंदुस्थानातील झाडांची ओळख करून घेतली, हिंदुस्थानी भाषा शिकली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बैलगाडी, एक घोडा आणि मोजके नोकर घेऊन ते उत्तरेकडे निघाले. काशीमार्गे दिल्लीस पोहोचल्यावर बादशहा दुसरा अकबर याच्या दरबारात त्यांना खिलत आणि शिरपेच चढवण्यात आला. या मानाच्या पोशाखातील आपले ध्यान आठवून त्यांना स्वतःलाच हसू आवरत नसे. बादशाही आता पोशाखापुरतीच उरली आहे, हे त्यांच्या चाणाक्ष नजरेने टिपले होते.

एप्रिल १८३० मध्ये डेहराडूनमार्गे ते हिमालयात शिरले. यमुनेच्या उगमाकडील खोरी, पुढे सिमला, तेथून सतलजच्या काठाकाठाने किन्नौर आणि स्पिती असा त्यांचा त्या वर्षीचा प्रवास. किन्नौरमधील कानम गावी बौद्ध ग्रंथांच्या संगतीत तिबेटी भाषेचा कोश रचत बसलेले हंगेरीचे विद्वान चोमा द कोरोश त्यांना भेटले. एकाने शब्द वेचायचे, दुसऱ्याने फुले. पुढे जाकमाँ यांनी चिनी तिबेटच्या हद्दीतही पाऊल टाकले आणि ते परतले.

उंचावरील वनस्पती गोळा करणे हे काम दिसते तितके सोपे नाही, हे येथे थोडे विस्ताराने सांगायला हवे. देवदाराचे रान संपले की भूर्जवृक्षांचा पट्टा लागतो आणि त्याच्याही वर झाड म्हणून काही उरत नाही. तेथील वनस्पती जमिनीला चिकटून गादीसारख्या वाढतात. काहींची पाने थंडी आणि वारा सोसण्यासाठी लवेने मढलेली असतात. बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंतच्या दोन-तीन महिन्यांत त्यांना फुलून, फळून बी धरायचे असते. संग्राहकाची कोंडी होते ती येथेच. जुलैत फूल मिळते, पण बी नसते. सप्टेंबर-ऑक्टोबरात बी पिकते तेव्हा फूल नसल्याने रोप ओळखू येत नाही. दोन्ही हवे तर त्याच खिंडीत पुन्हा जायचे, किंवा परतीची वाट तरी तीच धरायची.

बरे, मिळालेला नमुना टिकवायचा कसा? रोप मुळासकट उपटून कागदांच्या घडीत दाबायचे आणि कागद ओले झाले की बदलायचे, रोज, न चुकता. स्पितीच्या कोरड्या हवेत नमुना लवकर वाळतो. अलीकडच्या उतारांवर पावसाळ्यात मात्र कागदच वाळत नाहीत आणि एका रात्रीत बुरशी धरते. शिवाय प्रत्येक नमुन्यासोबत चिठ्ठी हवी. ठिकाण, तारीख, समुद्रसपाटीपासूनची उंची, फुलाचा मूळ रंग यांची नोंद तिच्यावर करायची, कारण वाळल्यावर रंग उडतो. उंची मोजण्यासाठी जाकमाँ काचेचे वायुभारमापक बाळगत. ती नाजूक नळी हमालाच्या पाठीवरून खिंडी ओलांडताना शाबूत ठेवणे ही स्वतंत्र डोकेदुखी होती. चिठ्ठी हरवली की नमुना हा निव्वळ पालापाचोळा.

बियांची गोष्ट तर आणखी अवघड. पहाडातील बी महिनोन्महिने थंडीत पडून राहिल्यावर उगवण्याची सवय असलेले. ते उष्ण मैदानातून, मग जहाजाच्या दमट तळघरातून विषुववृत्त दोनदा ओलांडून युरोपात जायचे. तोवर त्यातले पुष्कळसे मरून जाई. जिवंत रोपे नेण्यासाठी नॅथॅनियल वॉर्ड यांनी काढलेल्या बंद काचपेटीची समुद्रावरील पहिली परीक्षा झाली ती १८३३ मध्ये. जाकमाँ यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी!

१८३१ च्या मार्चमध्ये ते लाहोरला पोहोचले. महाराजा रणजितसिंह यांच्या सैन्यात असलेले फ्रेंच सेनानी अलार यांनी ही वाट मोकळी करून दिली होती. महाराजांची जिज्ञासा दांडगी. बोनापार्टपासून स्वर्ग-नरकापर्यंत कशाबद्दलही ते प्रश्नांची सरबत्ती करत आणि जाकमाँ आपल्या मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत त्यांना उत्तरे देत. दोघांचे सूर जुळले. काश्मीरमध्ये मुक्त संचाराची परवानगी मिळाली, ती एरवी कोणत्याही युरोपियनाला मिळणे दुरापास्त होते. वाटेत एका डोंगरी किल्लेदाराने त्यांना अडवून ठेवले आणि पाचशे रुपये उकळूनच सोडले, तेव्हा महाराजांच्या हुकमाची मर्यादाही त्यांना कळून चुकली. मे ते सप्टेंबर असे जवळजवळ पाच महिने ते काश्मीरमध्ये राहिले. खोऱ्यातील चिनारांपेक्षा भोवतालच्या डोंगरांवरील उंच कुरणांकडे त्यांचे अधिक लक्ष होते आणि तेथील संग्रह हाच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचा ठरला.

याच काळात रणजितसिंहांनी त्यांना काश्मीरची सुभेदारी देऊ केली. संग्रहालयाच्या तुटपुंज्या मानधनावर जगणाऱ्या माणसाला हा मोह लहान नव्हता. जाकमाँ यांनी तो हसून बाजूला सारला. महाराजांचा यात काही मतलब असावा असा संशय त्यांना आलाच असेल; पण मुख्य गोष्ट अशी की ज्या पेट्या भरायला ते आले होते, त्या पॅरिसला पोहोचवायच्या होत्या. सुभेदाराला ते जमले नसते.

काश्मीरहून परतल्यावर दिल्लीत नमुने लावण्यात, नोंदी नीट करण्यात काही काळ गेला. फेब्रुवारी १८३२ मध्ये ते दक्षिणेकडे निघाले. राजपुताना, माळवा, औरंगाबाद, वेरूळ असे करत जूनमध्ये ते पुण्यास पोहोचले. पेशवाई बुडून चौदा वर्षे झाली होती. हिमालयातून आलेल्या माणसाला वैशाखातील दख्खन कसे वाटले असेल, याची कल्पना नगरकडून पुण्याला येणारा हा पर्जन्यछायेचा मुलूख पाहिलेल्यांना सहज करता येईल. आज बारामती-इंदापूरकडे, लासुर्ण्याच्या परिसरात उसाचे मळे दिसतात. पण ज्याच्यामुळे ते दिसतात तो नीरेचा डावा कालवा तेव्हा अर्धशतक दूर होता. बाभळी, बोरी आणि काळी भेगाळलेली जमीन हेच त्या काळच्या या पठाराचे रूप. दापोडीला सरकारी वनस्पती उद्यान होते, तेही १८२८ पासूनचे, म्हणजे जेमतेम चार वर्षांचे.

पुण्याच्या मुक्कामात आजाराने त्यांना गाठले. तरी पावसाळा संपताच घाट उतरून ते कोकणात आले, कारण पुढचा बेत मोठा होता. पश्चिम घाटाने निलगिरी, तेथून कन्याकुमारी आणि मग मायदेश. हिमालयातील वनस्पती आणि दक्षिणेच्या उंच डोंगरांवरील वनस्पती यांची तुलना करणे हा त्यांच्या अभ्यासाचा पुढचा टप्पा ठरला असता. परंतु साष्टीच्या जंगलात हिंडताना ते अंथरुणाला खिळले आणि ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांना मुंबईस आणावे लागले. जेम्स निकोल या इंग्रज व्यापाऱ्याने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. यकृतात गळू झाले होते. बारा-चौदा हजार फुटांवरील थंडीने ज्याचे काही बिघडवले नाही, त्याचा घात मैदानातील हवापाण्याने केला.

अखेरचा महिना त्यांनी विलक्षण शांतपणे काढला. आपण वाचणार नाही हे त्यांना ठाऊक होते. पेट्या आणि कागदपत्रे फ्रान्सला कशी धाडायची, याची व्यवस्था त्यांनी निकोल यांच्याकडे सोपवली. १ डिसेंबरला पाठीवर पडल्या पडल्या पेन्सिलीने भावाला निरोपाचे पत्र लिहिले. थडग्यावर काय कोरायचे तेही स्वतःच ठरवून दिले. नाव, जन्म, मृत्यू आणि हिंदुस्थानात साडेतीन वर्षे प्रवास केल्याचा उल्लेख, बस्स. सहा दिवसांनी सारे संपले. सोनापूरच्या दफनभूमीत लष्करी इतमामाने त्यांचा दफनविधी झाला.

पेट्या पॅरिसला सुखरूप पोहोचल्या. त्यांची पत्रे १८३३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली आणि इतकी गाजली की शास्त्रज्ञापेक्षा पत्रलेखक म्हणूनच युरोपला त्यांची ओळख झाली. मूळ काम हळूहळू सरकत होते. त्यांची प्रवासवही आणि संग्रहाचे वर्णन फ्रेंच सरकारच्या आश्रयाने १८३५ ते १८४४ या काळात प्रसिद्ध झाले. वनस्पतींचा भाग काँबेसेद आणि दकेन यांनी लिहिला. या विलंबाची किंमत मोजावी लागली. वनस्पतीशास्त्रात ज्याचे वर्णन आधी छापून येते त्याचेच नाव ग्राह्य धरतात, आणि सहारनपूरच्या उद्यानाचे प्रमुख राहिलेले रॉयल हे आपला ग्रंथ १८३३ पासूनच खंडाखंडाने छापू लागले होते. जाकमाँ यांनी स्वतः खुडलेली काही फुले अशी दुसऱ्यांच्या नावावर गेली. रॉयल यांच्याकडे दोष जात नाही. ते जिवंत होते आणि घरी परतले होते, इतकेच.

जे उरले तेही थोडे नाही. काश्मीरच्या उतारांवर एक झुडूप आढळते. त्याच्या लवचीक फांद्यांपासून तेथील लोक टोपल्या विणतात आणि झुलत्या पुलांचे दोर वळतात. आपल्या प्रजातीतील ते एकुलते एक. दकेन यांनी त्याला जाकमाँ यांचे नाव दिले. हिमालयातील एका रानटी हेझलनटालाही तेच नाव लाभले. आपल्याकडे पावसाच्या सुरुवातीला महाबळेश्वर परिसरात फणा काढल्यासारखा फुलणारा सापकांदा अनेकांच्या परिचयाचा आहे. त्याच्याच एका हिमालयीन भाईबंदाचे नाव आहे अरिसेमा जाकमाँटाय. राजस्थान-गुजरातच्या वाळूत वाढणाऱ्या एका काटेरी बाभळीवरही त्यांच्या नावाची मोहोर उमटली आहे.

सर्वांत प्रसिद्ध ठरला तो मात्र भूर्जवृक्ष. ज्याच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी पोथ्या लिहिल्या, त्या भूर्जाचा पश्चिम हिमालयातील शुभ्र सालीचा प्रकार १८४१ मध्ये स्पाक यांनी जाकमाँ यांच्या नावाने नोंदवला. पुढे तो स्वतंत्र जाती नसून भूर्जाचाच एक उपप्रकार असल्याचे ठरले, तरी नाव टिकून राहिले. पानगळ झाल्यावर चुन्यासारखी पांढरी खोडे उठून दिसतात म्हणून इंग्लंड-फ्रान्समधील बागांमध्ये तो हौसेने लावतात.

सोनापूरच्या मातीत जवळजवळ पन्नास वर्षे विसावलेले त्यांचे अवशेष १८८१ मध्ये जहाजाने फ्रान्सला नेण्यात आले. ज्या संग्रहालयाने त्यांना हिंदुस्थानात धाडले होते, त्याच्याच वास्तूत आता ते आहेत. किन्नौर आणि काश्मीरमध्ये त्यांनी दाबलेली फुलेही चिठ्ठ्यांसह तेथेच, त्याच आवारातील वनस्पतीसंग्रहात जपलेली आहेत.