भिंतीवरची चित्रे

दक्षिण फ्रान्समधील आल्बी नगरीत, एका सरदार घराण्यात, २४ नोव्हेंबर १८६४ रोजी आंरी द तुलूझ-लोत्रेक यांचा जन्म झाला. घराण्यात घोडदौडीचा व शिकारीचा मोठा नाद. परंतु तेराव्या-चौदाव्या वर्षी, थोड्या अंतराने, आंरीच्या दोन्ही मांड्यांची हाडे मोडली. धड वाढले, पाय मात्र खुंटले. घोड्यावर बसणे संपले, तेव्हा तो मुलगा कागदावर घोडे दौडवू लागला.

१८८२ साली ते पॅरिसला गेले आणि तेथील मोंमार्त्र वस्तीत रमले. प्रतिष्ठित मंडळी ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसत, त्या धोबिणी, नर्तकी व सर्कशीतील विदूषक यांची चित्रे त्यांनी काढली. त्यांत ना उपहास होता, ना कीव. १८९१ साली 'मुलँ रूज' या नृत्यगृहासाठी त्यांनी शिळाछापाचे जाहिरातचित्र केले. ते पॅरिसच्या भिंतींवर झळकले आणि वाटसरूलाही कलेचे दर्शन घडले.

मद्याच्या व्यसनाने मात्र त्यांचा घात केला. ९ सप्टेंबर १९०१ रोजी, अवघ्या छत्तीस वर्षांचे असताना, ते निवर्तले. १९५२ साली त्यांच्या जीवनावर 'मुलँ रूज' याच नावाचा चित्रपट निघाला. त्यांच्या मातेने जपलेली चित्रे आज आल्बीच्या संग्रहालयात पाहावयास मिळतात.