डॉ. विक्रम साराभाई आणि आपले बंगळूर

२३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ मंडळाच्या सभासदांच्या विस्मरणात जाणे कठीण आहे. सहा वाजून गेल्यावर ‘विक्रम’ नावाचे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भूमीवर आपल्या चार पायांवर अलगद उतरले. चांद्रयानाची घडण ज्या उपग्रह केंद्राने केली ते याच शहरात आणि यानाला आज्ञा देणारे नियंत्रण केंद्रही येथल्या पीन्या भागात. ज्यांच्या नावाने हे यान चंद्रावर पोहोचले त्या डॉ. विक्रम साराभाईंना जाऊन मात्र तेव्हा एक्कावन्न वर्षे लोटली होती.

आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि केंद्र सरकारचे नोकर. यंत्रविद्या हा आमचा प्रांत नव्हे. तथापि त्या संध्याकाळपासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला. चंद्रावर वा ग्रहांवर जाण्याच्या शर्यतीत धनाढ्य राष्ट्रांशी बरोबरी करण्याची भारताला हौस नाही, आपले अंतराळ संशोधन सामान्य माणसाच्या गरजांसाठी आहे, अशी साराभाईंची जाहीर भूमिका होती. मग चंद्रावर उतरणाऱ्या यानाला त्यांचेच नाव देणे उचित होते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधू जाता आम्हांला त्यांच्या चरित्राकडे वळावे लागले आणि त्या चरित्राची एक महत्त्वाची पायरी बंगळुरातच सापडली.

विक्रम साराभाईंचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादेत झाला. वडील अंबालाल साराभाई हे नामांकित गिरणीमालक. आई सरलादेवी यांनी मुलांसाठी घरातच शाळा चालविली. पुढे विक्रम केंब्रिजला गेले, पण दुसरे महायुद्ध पेटले आणि त्यांना मायदेशी परतावे लागले. अशा रीतीने, पोटापाण्यासाठी वा बदलीच्या हुकुमाने आपण जसे या शहरात आलो, तसे युद्धाच्या रेट्याने हा गुजराती तरुण येथे आला. जुने बंगळूरकर ज्या संस्थेला अजूनही टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात, त्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या हाताखाली तो काम करू लागला. युद्धामुळेच येथे अडकलेले डॉ. होमी भाभाही त्या वेळी त्याच संस्थेत होते. दोघांचा स्नेह पुढे देशाच्या उपयोगी पडला. १९४२ साली विक्रम आणि विख्यात नर्तकी मृणालिनी स्वामिनाथन यांचा विवाह झाला.

बंगळुरात साराभाईंनी हाती घेतलेला विषय होता विश्वकिरणांचा. अवकाशातून अतिवेगवान कणांचा वर्षाव पृथ्वीवर अहोरात्र होत असतो. साराभाई यंत्राने हे कण मोजीत, आणि ही संख्या वेळेनुसार कमीअधिक का होते याचा शोध घेत. तिच्यावर सूर्याच्या हालचालींचा परिणाम होतो. सबब हे कण मोजणे म्हणजे पृथ्वीवर बसून सूर्य आणि पृथ्वी यांमधील अवकाशाची नाडी पाहण्यासारखे होते. तेथवर यान धाडण्याची सोय त्या काळी कोणत्याही राष्ट्रापाशी नव्हती. १९४२ साली या विषयावरील त्यांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला आणि युद्धानंतर केंब्रिजला परत जाऊन १९४७ साली त्यांनी याच विषयात डॉक्टरेट संपादन केली. सूर्यमालेविषयीचे हे कुतूहल त्यांना अखेरपर्यंत सोडून गेले नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. तीत त्यांच्या हाताखाली उडुपीजवळच्या अदमारू गावचे उडुपी रामचंद्र राव यांनी डॉक्टरेट मिळविली. राव पुढे अमेरिकेत गेले आणि शुक्राकडे धाडलेल्या मरिनर २ व त्यानंतरच्या पायोनियर यानांनी पाठविलेल्या माहितीवर त्यांनी संशोधन केले. गुरूने जमिनीवरून जे अजमावले ते शिष्याने यानांच्या साहाय्याने प्रत्यक्ष तपासले.

१९६२ साली भाभांच्या अणुऊर्जा खात्याखाली अंतराळ संशोधनाची राष्ट्रीय समिती नेमली गेली आणि साराभाई तिचे अध्यक्ष झाले. तिरुवनंतपुरमजवळचे थुंबा हे मच्छीमारांचे गाव अग्निबाणतळासाठी निवडले गेले, कारण चुंबकीय विषुववृत्त तेथूनच जाते. या वृत्तावर सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर विजेचा प्रवाह वाहत असतो. तेथे फुग्याने पोहोचता येत नाही आणि उपग्रह त्याहून पुष्कळ वरून फिरतात. त्याचा अभ्यास अग्निबाणानेच करणे शक्य होते. त्या जागी मेरी मॅग्डलीनचे चर्च होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी भाविकांच्या संमतीने ती वास्तू विज्ञानासाठी दिली. सायकलवरून अग्निबाणाचे भाग नेणाऱ्या तंत्रज्ञांचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. ते तेथलेच. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला अग्निबाण उडाला, तो अमेरिकन बनावटीचा होता. चार वर्षांनी अवघा पंचाहत्तर मिलिमीटर व्यासाचा स्वदेशी ‘रोहिणी’ उडाला.

या कार्यात मराठी माणसे मागे नव्हती, हे सांगताना आमचा ऊर भरून येतो. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस हे जागांच्या शोधापासून साराभाईंचे निकटचे सहकारी होते. पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे अहमदाबादच्या प्रयोगशाळेतून थुंब्यास आले. वसंत गोवारीकर १९६७ साली इंग्लंडहून परतले आणि घन इंधनाच्या निर्मितीस त्यांनी वाहून घेतले.

जानेवारी १९६६ मध्ये भाभा विमान अपघातात गेले आणि अणुऊर्जा आयोगाची धुराही साराभाईंवर पडली. प्रयोगशाळा, कौटुंबिक व्यवसाय, अणुऊर्जा, अंतराळ या सर्वांचा भार एकाच माणसाने वाहिला. सरकारी चाकरीत हयात घालविलेल्या आम्हांला येथे थोडे थबकावेसे वाटते. इतकी कामे एका शिरावर घेणे शहाणपणाचे नव्हते. प्रवास आणि जागरणे यांची किंमत प्रकृतीने वसूल केली. १५ ऑगस्ट १९६९ रोजी ‘इस्रो’ची स्थापना झाली. उपग्रहाद्वारे खेड्यांत दूरदर्शन पोहोचविण्याचा करार अमेरिकेशी झाला. पुढल्या दशकाचा आराखडाही त्यांनी मांडला. आणि ३० डिसेंबर १९७१ च्या पहाटे, थुंब्याच्या दौऱ्यावर असता, कोवळम येथे झोपेतच त्यांचे निधन झाले. वय अवघे बावन्न. एकही भारतीय उपग्रह त्यांना पाहता आला नाही.

येथून कथा पुन्हा बंगळुरास येते. विज्ञान संस्थेचे संचालक प्रा. सतीश धवन यांनी १९७२ साली सूत्रे स्वीकारली ती संचालकपद न सोडता, आणि अंतराळ खात्याचे मुख्यालय येथे आले. पीन्याच्या औद्योगिक वसाहतीतील साध्या शेडमध्ये प्रा. राव यांच्या चमूने तीनशे साठ किलो वजनाचा, सव्वीस पैलूंचा ‘आर्यभट’ घडविला. १९ एप्रिल १९७५ रोजी रशियन अग्निबाणाने तो कक्षेत नेला. विजेच्या बिघाडाने त्यावरील प्रयोग चार-पाच दिवसांतच थांबले, पण यान घडविण्याची विद्या हाती आली. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून कर्नाटकासह सहा राज्यांतील सुमारे चोवीसशे खेड्यांत अमेरिकन उपग्रहावरून कार्यक्रम दिसू लागले. साराभाईंचा शब्द असा प्रथम खेड्यात खरा झाला, चंद्राची पाळी त्यानंतर आली.

तीही सहज आली नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पहिले ‘विक्रम’ उतरता उतरता कोसळले. तेव्हा आमच्या घरात त्या रात्री कोणी बोलले नाही. दुसऱ्या यानात त्या अपयशातून शिकून बदल केले गेले. पाय भक्कम केले, पाच इंजिनांऐवजी चार ठेवली, वेग मोजण्याचे नवे साधन बसविले. उतरण्याची जागा पूर्वी अर्धा किलोमीटर लांबरुंद धरली होती, ती चार किलोमीटर लांब व सुमारे अडीच किलोमीटर रुंद केली. चुकीला जागा ठेवणे हेही शास्त्रच, हे आमच्यासारख्या फाइलीत वावरणाऱ्याला तेव्हा उमगले.

सप्टेंबर २०२३ मध्ये ‘आदित्य एल१’ सूर्याच्या दिशेने निघाले आणि जानेवारी २०२४ मध्ये पंधरा लक्ष किलोमीटरवरील आपल्या ठिकाणी पोहोचले. त्यावर सौरवाऱ्याचे कण मोजणारे एक उपकरण आहे. ते साराभाईंनी स्थापिलेल्या अहमदाबादच्या प्रयोगशाळेने बनविले आहे. बंगळुरात एका तरुणाने आठ दशकांपूर्वी आरंभिलेली मोजणी अशी अवकाशात चालू आहे.

तेव्हा आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला मिळाले. साराभाईंना शर्यत नको होती. जिज्ञासा मात्र हवी होती, आणि तीही भुकेल्या खेड्याकडे पाठ न फिरविता. ‘विक्रम’ हे नाव उचितच आहे. पन्नास वर्षांपूर्वी आपले मंडळ ज्यांनी स्थापन केले त्यांच्यापैकीही कित्येक आज आपल्यांत नाहीत, तरी त्यांनी लावलेला दिवा तेवत आहे. पीन्यावरून तुमकूर रस्त्याने जाताना त्या जुन्या शेडची आठवण आपल्या मुलाबाळांना अवश्य सांगावी. चंद्राकडे जाणारी वाट तेथूनही गेली आहे.