गाडगेबाबा : वऱ्हाडातला खराट्याचा खिदमतगार

२० डिसेंबर, गाडगेबाबांची पुण्यतिथी. या दिवशी अमरावती-अकोल्यात खराटे घेऊन लोक रस्त्यावर उतरतात. त्यात आपल्या मोहल्ल्यातली पोरं दिसली की आम्हाला बरं वाटतं. पण बाबा म्हणजे नुसता खराटा नव्हे. म्हणून हे थोडं सविस्तर.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात २३ फेब्रुवारी १८७६ला परीट घरात त्यांचा जन्म झाला. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. बापाला दारूने खाल्लं. आई सखुबाई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली. डेबूने गुरं राखली, शेती केली. मामा अडाणी, सावकाराने कागदावर फसवलं आणि जमीन गेली. दारू, कर्ज आणि अंगठा या तीन गोष्टींवर बाबा पुढे जन्मभर का तुटून पडले, ते इथे कळतं. स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी रिवाजाची दारू बंद केली आणि गोड जेवण वाढलं. भावकी नाराज झाली, तरी त्यांनी ऐकलं नाही.

१९०५ साली घर सोडलं. अंगावर चिंध्या, डोक्यावर मडकं, हातात खराटा. गावात शिरले की आधी झाडायला लागायचे. कुणाला सांगायचे नाहीत, पण बघणाऱ्यालाच शरम वाटायची आणि तोही हात लावायचा. रात्री कीर्तन, तेही वऱ्हाडी बोलीत, लोकांना प्रश्न विचारत विचारत. पाकी-सफाईचं महत्त्व आपल्याला दिवसातून पाच वेळा वजू करताना आठवतं. बाबांनी ते अंगणापलीकडे, गावच्या नालीपर्यंत नेलं.

ऋणमोचनला पूर्णेच्या काठावर यात्रेतले लोक चिखलात घसरायचे. तिथे त्यांनी घाट बांधला. मूर्तिजापुरात धर्मशाळा आणि विद्यालय उभारलं. पंढरपूरच्या यात्रेत दलितांना टेकायला जागा नव्हती, त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. लाखो रुपये हातून गेले, पण स्वतः भाकरी मागूनच खाल्ली. शिष्य केला नाही, गादी ठेवली नाही. आजकालच्या बाबालोकांकडे बघून आम्हाला हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

१९२३ साली कोकणात कीर्तन चालू असताना एकुलता मुलगा गोविंदा गेल्याची खबर आली. कीर्तन थांबलं नाही.

मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळ त्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा केली. पेशंट घेऊन मुंबई गाठणाऱ्या वऱ्हाडातल्या गरीब घरांना अशा जागेची किंमत विचारा. पेशंट वॉर्डात आणि घरचे फुटपाथवर, ही तकलीफ हिंदू-मुसलमान बघत नाही. बाबांच्या माघारी त्यांच्या मिशनने दादरलाही धर्मशाळा चालवली. टाटा हॉस्पिटलात कॅन्सरचा इलाज घेणारी माणसं तिथे उतरतात.

२०००-०१ पासून सरकारने बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. बक्षीस अख्ख्या गावाला असल्यामुळे मशिदीची गल्ली सोडून मंदिराचीच गल्ली झाडून भागणार नव्हतं. श्रमदानाला सगळ्यांनाच यावं लागलं.

६ डिसेंबर १९५६ला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, गाडीतच गाडगेबाबांनी शेवटचा श्वास घेतला.