अनोळखी चेहरा ओळखायचा कसा? : आल्फोन्स बर्टिलॉन



जून महिन्यात नवा वर्ग मिळतो. चाळीस-पन्नास मुलं, सगळी एकाच गणवेशात. पहिले काही दिवस दोन मुलांमध्ये तुमचा हमखास गोंधळ होतो, हो ना? दिवाळीपर्यंत मात्र मैदानाच्या दुसऱ्या टोकाचं मूलही तुम्ही नावानं हाक मारून बोलावता. ओळखीचा चेहरा आपण क्षणात ओळखतो, अनोळखी चेहऱ्याच्या बाबतीत मात्र सहज फसतो. हा फरक ओळखून त्यावर उपाय शोधणारा माणूस म्हणजे आल्फोन्स बर्टिलॉन.

बालपण आणि नोकरी

बर्टिलॉन यांचा जन्म एप्रिल १८५३ मध्ये पॅरिसमध्ये झाला. वडील डॉक्टर आणि संख्याशास्त्र व मानवशास्त्राचे नावाजलेले अभ्यासक. घरात मापं, तक्ते, आकडे यांचीच चर्चा. आल्फोन्स मात्र शाळेत रमले नाहीत. एकापेक्षा जास्त शाळांनी त्यांना काढून टाकलं. शेवटी १८७९ मध्ये वडिलांच्या ओळखीनं पॅरिसच्या पोलीस खात्यात साधी कारकुनी मिळाली.

काम काय, तर पकडलेल्या गुन्हेगारांची वर्णनं कार्डांवर उतरवायची. उंची मध्यम, नाक साधारण, चेहरा लांबट. आता सांगा, हे वर्णन कुणाला लागू पडणार नाही? फोटो हजारो होते, पण कुणाचा समोरून, कुणाचा तिरका, प्रकाशही वेगवेगळा. जुना गुन्हेगार नाव बदलून आला की त्याला ओळखण्याची सगळी भिस्त पोलिसांच्या आठवणीवर.

चेहऱ्याचे भाग

बर्टिलॉन यांनी घरात पाहिलेलं शास्त्र इथं वापरलं. प्रौढ माणसाच्या हाडांची मापं फारशी बदलत नाहीत. म्हणून डोक्याची लांबी-रुंदी, हाताचं मधलं बोट, डावं पाऊल अशी ११ मापं घ्यायची आणि लहान, मध्यम, मोठं अशा गटांत कार्डं लावायची. वरिष्ठांनी आधी थट्टाच केली. पुढे नव्या अधिकाऱ्यानं तीन महिन्यांची मुदत दिली आणि फेब्रुवारी १८८३ मध्ये खोटं नाव सांगणारा पहिला गुन्हेगार या कार्डांतून सापडला. १८८४ या एका वर्षात असे २४१ जण ओळखले गेले.

आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं काम याच्या पुढचं आहे. त्यांनी फोटोची पद्धत ठरवून दिली: एक समोरून, एक बाजूनं, अंतर आणि प्रकाश दर वेळी तोच. आजही पोलीस असेच फोटो काढतात. शिवाय चेहऱ्याच्या प्रत्येक भागासाठी नेमके शब्द ठरवले. नाकाचा कणा खोलगट, सरळ की फुगीर? कपाळ मागं झुकलेलं की उभं? कानाला तर त्यांनी फार महत्त्व दिलं, कारण त्याची ठेवण माणसागणिक वेगळी असते. पोलीस हे शब्द पाठ करून रस्त्यावर माणूस शोधू लागले.

याची गरज का पडली? आपला मेंदू चेहरा तुकड्यांनी पाहत नाही. डोळे, नाक, तोंड यांची मांडणी तो एकत्रच टिपतो. म्हणून तर उलटा धरलेला फोटो ओळखायला जड जातो. ही एकत्र नजर परिचितांसाठी उत्तम चालते. एकदाच पाहिलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र ती धोका देते. त्याच काळात, १८९६ साली, लंडनमध्ये ॲडॉल्फ बेक या निरपराध माणसाला अनेक स्त्रियांनी आपल्याला फसवणारा हाच म्हणून ओळखलं. त्याला काही वर्षं तुरुंगात काढावी लागली. त्या स्त्रिया खोटं बोलत नव्हत्या, त्यांची खात्रीच पटली होती.

खात्रीचा धोका

खुद्द बर्टिलॉनही अशा खात्रीतून सुटले नाहीत. १८९४ मध्ये ड्रायफस या लष्करी अधिकाऱ्यावर हेरगिरीचा आळ आला. बर्टिलॉन हस्ताक्षरतज्ज्ञ नव्हते, तरी एका चिठ्ठीचं अक्षर त्याचंच असल्याचं त्यांनी ठामपणे सांगितलं. अक्षरातला फरक दिसला, तर तो त्यानं मुद्दाम केला असं म्हटलं. ड्रायफसला दूरच्या बेटावर कैदेत पाठवलं गेलं. तो पूर्ण निर्दोष ठरायला १९०६ उजाडलं.

त्यांची मापंही मागं पडली, कारण दोन कारकुनांनी घेतलेलं माप तंतोतंत जुळेना. यात आपल्या देशाचाही वाटा आहे. बंगालमध्ये आधी बर्टिलॉन पद्धतच वापरत. पुढे एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बोटांच्या ठशांचं वर्गीकरण बसवलं आणि १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं. बर्टिलॉन यांनीही आपल्या कार्डांवर ठसे घेतले, पण मापांवरचा विश्वास सोडला नाही. १३ फेब्रुवारी १९१४ रोजी त्यांचं निधन झालं.

वर्गात करून पाहा

मुलांच्या जोड्या करा. एकानं दुसऱ्याच्या चेहऱ्याचं वर्णन पाच ओळींत लिहायचं; गोरा-काळा, सुंदर-कुरूप हे शब्द वापरायचे नाहीत. वर्णन वाचून बाकीच्यांनी ओळखायचं. नाक, कान, भुवया यांच्याकडे मुलं पहिल्यांदाच नीट बघतील. मराठीतले नेमके शब्दही शोधतील.

आणि आपल्यासाठी एक गोष्ट. खिडकीतून दगड मारणारा मुलगा लांबून दिसला आणि तो अमुकच असं वाटलं, तर शिक्षा करण्याआधी क्षणभर थांबा. आणखी काही पुरावा आहे का, ते बघा. मुलाला चूक नसताना मिळालेली शिक्षा फार काळ लक्षात राहते.