प्रेमचंद रायचंद : तेजीचा राजा, मंदीचा साक्षी

सर्वसामान्यांच्या बचतीला शेअरबाजाराची चटक प्रथम लागली ती मुंबईत, १८६०च्या दशकात. त्या तेजीचा अनभिषिक्त राजा म्हणजे प्रेमचंद रायचंद.

१८३१ साली सुरतच्या जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षण मुंबईत झाले. इंग्रजी लिहिता-वाचता येणाऱ्या पहिल्या देशी दलालांत त्यांची गणना होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस तुटला आणि हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. रोज नव्या बँका व कंपन्या निघू लागल्या. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीचा ५ हजारांचा शेअर ५० हजारांच्या घरात पोहोचला. पेढीवाल्यांपासून कारकुनांपर्यंत सारे या सट्ट्यात उतरले. प्रेमचंद यांचे नाव जोडले गेले की कंपनीवर लोकांचा विश्वास बसे. १८६३च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेला शेअर तारण ठेवून कर्ज देण्याची मोकळीक मिळाली होती; तिच्या कर्जवाटपावरही प्रेमचंद यांचा प्रभाव होता.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपत आल्याची वार्ता आली आणि कापूस कोसळला. वायद्यांचे हिशेब १ जुलै रोजी चुकते करायचे होते. त्या दिवशी देणाऱ्यांपाशी देण्यासारखे काही उरले नव्हते. असंख्य कुटुंबे धुळीला मिळाली. प्रेमचंद यांची संपत्तीही त्याच लाटेत वाहून गेली. पुढे बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली आणि तिच्या कारभाराची सरकारी चौकशी झाली.

प्रेमचंद मात्र खचले नाहीत. त्यांनी पुन्हा व्यवसाय उभा केला. १८७५ मध्ये मुंबईच्या शेअर दलालांनी संघटना स्थापन केली, तिच्या संस्थापकांत ते होते. १ रुपया प्रवेशशुल्क भरून ३१८ जण तिचे सभासद झाले. आजच्या मुंबई शेअर बाजाराचे मूळ याच संघटनेत आहे. १९०६ साली प्रेमचंद निवर्तले.

ऐन तेजीत, १८६४ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये दिले होते. मातोश्रींच्या नावाचा तो राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्या तेजीतले बहुतेक सारे धन कागदावरच विरले. दान केलेले तेवढे दगडात टिकले. ज्यांची पुंजी त्या सट्ट्यात बुडाली, त्या सामान्यांची नावे मात्र कोणत्याही शिलेवर कोरलेली नाहीत.